परत द्यायचा बॉल

आडे सर रोज सकाळी ग्रंथालयात यायचे, पण पुस्तकाला हात लावायचे नाहीत. माझ्या टेबलामागच्या खिळ्याला जाळीत एक बॉल टांगलेला होता. तो अंगठ्याने दाबून पाहायचे, "हाय अजून," म्हणायचे आणि मैदानाकडे निघायचे. मऊ वाटला, तर पिशवीतला पंप काढून हवा भरायचे. त्या बॉलने कोणी कधी खेळलं नाही.

बाभुळगावच्या आमच्या कॉलेजात ते क्रीडाशिक्षक म्हणून आले, तेव्हा फुटबॉलची टीम म्हणजे हजेरीतून सुटका मिळावी म्हणून जमलेली अकरा मुलं होती. पहिल्याच सामन्यात यवतमाळच्या एका कॉलेजने आमच्यावर नऊ गोल केले. मॅनेजर म्हणून मी सोबत होतो. सामना संपल्यावर तिथल्या प्रशिक्षकांनी एक नवाकोरा बॉल मागवला, त्यावर शाईने '९-०, सरावासाठी भेट' असं लिहिलं आणि सरांच्या हातात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तांड्यावरची पोरं ओझी वाहतील, आडे. फुटबॉल त्यांच्यानं व्हायचा नाही."

त्या प्रशिक्षकांचं नाव मी लिहिणार नाही. आडे सरांच्या शेजारी ते छापून यावं, एवढी त्यांची लायकी नाही.

सर स्वतः तांड्यावरचे, बंजारा; टीममधली बरीच मुलंही तशाच वस्त्यांवरची. एसटीत ते बॉल मांडीवर घेऊन बसले. बाभुळगाव आल्यावर मला म्हणाले, "हा तुमच्याइथं ठेवा. मैदानात ठेवला तं पोट्टे खेळतीन. परत द्यायचा हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांना ओझी वाहायलाच शिकवलं. जुन्या काळी बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव न्यायचे, त्याला लदेणी म्हणत. उंच लाथ मारणाऱ्या मुलाला सर बाहेर बोलवायचे. "तुह्या आज्यानं लदेणीत मिठाची गोणी वाटेत फेकली होती का? मंग तू बॉल काहून फेकून राह्यला? बाजूच्याच्या पाठीवर ठेव अन् पुढं चाल." काळ्या मातीच्या त्या भेगाळ मैदानावर बॉल जमिनीवरून नेणं सोपं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजकडून आम्ही चार गोलांनी हरलो, त्यापुढच्या वर्षी एकाने. प्राचार्यांनी एकदा त्यांना समजावलं, की खिलाडूवृत्तीने घ्या आणि ते सगळं विसरा. सर अगदी नम्रपणे म्हणाले, "माफी मोठ्या माणसाचं काम हाय, साहेब. आम्ही फक्त गोल करू."

चौथ्या वर्षी, त्यांच्याच मैदानावर, आम्ही दोन-एक जिंकलो. दुसऱ्या गोलाआधी बॉल सात जणांच्या पायांतून गेला. मी मोजलं. सरांनी जाळीतला बॉल सोबत आणला होता, पण शेवटची शिट्टी वाजताच ते प्रशिक्षक मागच्या गेटने मोटारसायकलवर निघून गेले. ऑफिसात ठेवून देऊ, असं मी सुचवलं.

"नाई. त्यायनं हातात देल्ला, हातातच देईन. त्यायले वाचता आलं पाहिजे."

पुढची दोन वर्षं आम्ही जिंकत राहिलो आणि तो माणूस दर वेळी हातून निसटत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात मैदानावर पाणी मारता मारता सर खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्या सकाळीही "हाय अजून" म्हणून गेले होते.

शोकसभेला ते प्रशिक्षक आले. फोटोला हार घातला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आडे मला धाकट्या भावासारखे. त्यांच्या टीमला पहिला बॉल मीच प्रेमानं दिला होता."

मी आजवर कुठल्या सभेतून उठलेलो नव्हतो. उठलो. ग्रंथालयात जाऊन, टेबलाशीच राहिलेल्या सरांच्या पिशवीतल्या पंपाने हवा भरली. मला पंप मारता येत नाही, वेळ लागला. परत आलो तेव्हा त्यांचं भाषण सुरूच होतं. मंचावर चढून बॉल त्यांच्या हातात दिला, अक्षरं त्यांच्याकडे करून.

"हाच तो बॉल. सरांनी परत द्यायला सांगितलं होतं. वाचून दाखवा."

त्यांनी अक्षरं खाली वळवली. पहिल्या रांगेतून आमचा कॅप्टन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "नऊ-शून्य, सरावासाठी भेट." टीमला ते पाठ होतं.

टेबल हारांनी भरलेलं, बॉल ठेवायला जागा नव्हती. सभा संपेपर्यंत तो त्यांच्या मांडीवर राहिला. मी नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडलं. खिळ्याला रिकामी जाळी लोंबत होती. मी ती अंगठ्याने दाबून पाहिली.

"गेला, सर," म्हणालो.