न हललेला फोटो

आधीच सांगून राहिली, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बाबा इथे जबलपूरला आयुध कारखान्यात फिटर होते. घरी बुद्ध वंदना व्हायची, पण कोणी नवस, नजर, बाधा असलं काही काढलं की ते खेकसायचे, "काहून डोकं खराब करून राहिले बे!" मी त्यांचीच पोरगी. चेरीतालहून रोज स्कूटीनं जाते, एका हॉस्पिटलात सीटी स्कॅन काढते. मशीनला भूत लागत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची.

लहान लेकरांच्या हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन म्हणजे मोठी डोकेदुखी. धमनी शेवईएवढी बारीक, आणि हृदय तर धावतच असतं. ठोके जास्त असले की इमेज हलते, कडा फिसकटतात. रेडिएशनमुळे पुन्हा पुन्हा काढताही येत नाही. म्हणून आधी ठोके उतरवायचं औषध देतात.

परी चार वर्षांची, पाटनजवळच्या एका गावातली. मोठ्या तापानंतर तिच्या धमन्या फुगल्याची शंका होती. किती फुगल्या ते दिसल्याशिवाय पुढचं औषध ठरत नव्हतं. टेबलावर नुसती चुळबुळ! "दीदी, ये चक्का घूमेगा क्या?" विचारता विचारताच झोपेच्या औषधानं झोपली. ठोके मात्र उतरेचनात. डॉक्टर वैतागले. "ले लो, जो आएगा देखेंगे."

घेतला. ठोक्यांची हिरवी रेघ स्क्रीनवर तशीच धावत होती, मी डोळ्यांनी पाहिली. मग इमेज उघडली आणि... कणभर हललेली नाही! एकेक फांदी पेन्सिलीनं काढल्यासारखी. मोठ्या माणसाचीही इतकी स्वच्छ इमेज मी कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी इमेज मोठी करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "ये धड़कते दिल की नहीं लग रही, यार."

मी हसली. अंगावर काटा आला होता, तरी हसली. धमन्या उठून दिसाव्या म्हणून शिरेतून दिलेलं औषध त्यांच्यात नीट पोचलेलं दिसत होतं — हृदय चालल्याशिवाय ते पोचेल कसं? त्यानंतर त्याच मशीनवर दुसऱ्या लेकराचा स्कॅन काढला. तो नेहमीसारखा हललेला.

बाहेर परीची आई पदर मुठीत धरून उभी होती. "दीदी, फोटो अच्छा आया?"

"अरे, इतना अच्छा आज तक किसी का नहीं आया!" मी खरंच खूश होती. फुगवटे नीट मोजता आले, औषध सुरू झालं, परी मला टाटा करत घरी गेली.

काही दिवसांनी तिचे वडील एकटेच आले. औषध वेळेवर देत होते, म्हणाले. परी भरदुपारी अंगणात खेळता खेळता बसली, ती उठलीच नाही. त्यांना त्या स्कॅनची आणखी एक फिल्म पाहिजे होती.

"भैया, अब उसका क्या करेंगे?"

त्यांनी मोबाइल काढला. परी आंब्याखाली, परी बकरीच्या मागं, परी आजीच्या मांडीवर... प्रत्येकात चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग. "टिकती ही नहीं थी, दीदी. बस आपके वाले में ठहरी है."

मी फिल्म दिली. आत जाऊन खूप रडली.

इंजिनिअरनं मशीन तपासलं, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणतात, मशीननं दोन ठोक्यांमधला नेमका क्षण पकडला असेल. असेल बाप्पा... पण मग त्याच एका लेकराचा काहून?

आता एखाद्या लेकराची इमेज जराशी फिसकटली की डॉक्टर कुरकुरतात. मी तोंडानं सॉरी सर म्हणते. मनात म्हणते, हललं ना? हलू दे माय, हलू दे.