ऐरणीचं हाड

"बघा, कानातलं ऐरणीचं हाड पूर्ण खाल्लं गेलंय," डॉक्टर म्हणाले. "त्याला लागून असलेलं रिकिबीचं हाडही अर्धंच उरलंय. ही जंगलातली माणसं कान सडल्याशिवाय येत नाहीत. अंघोळीचाच कंटाळा."

भोवतीचे शिकाऊ डॉक्टर हसले.

मी जागी होते. कानामागं सुया देऊन तेवढाच भाग बधिर केलेला. तोंडावर हिरवं कापड. हाड कोरणाऱ्या यंत्राची घरघर डोक्यात. चांगला कान उशीत दाबलेला, तरी शब्दन् शब्द पोचला. डोकं हलवायचं नाही, असं बजावलं होतं. मी हललेही नाही. डोळ्यांतलं पाणी नाकावरून उशीत गेलं.

मी झरी जामणीकडची. कोलाम आदिवासी. आमच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, लहान होते तेव्हापासून माझा कान वाहायचा. आश्रमशाळेत गुरुजी मला दाराशी बसवायचे. "वास येते तुया," म्हणायचे. जेवताना पोरी ताट उचलून दूर जायच्या. मला वाटायचं, मीच घाण. लग्न झालं तरी वाटायचं. कानात कापूस, वरून पदर.

आणि दवाखान्यात गेले नाही? आई मला खांद्यावर घेऊन जंगलातून आरोग्य केंद्रात न्यायची. डॉक्टर नसायचा. कंपाउंडर दुरूनच थेंबांची बाटली सरकवायचा. मोठी झाल्यावर मी एकटी जात राहिले. कधी मशीन बंद, कधी कानाचा डॉक्टर नाही. कानात डोकावून कोणी पाहिलं नाही. आत हाड झिजत होतं.

टेबलावर पडून हे सगळं आठवलं. रडू थांबलं. घाण मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच पोरांना घेऊन वॉर्डात आले. "पट्टी दाखव."

मी पट्टीवर हात ठेवला. "दाखवीन. पण काल मी जागी होती, सायेब. मायी अंघोळीची गोष्ट काहून काढली तुम्ही?"

"इलाजही करायचा आणि वरून ऐकूनही घ्यायचं?"

"इलाज करा. पण हे पोट्टे तुमच्यापासून शिकून राह्यले. त्यायले खरं सांगा. मी येत होती. पाहणारं कोणी नव्हतं."

या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. माफी नाही. पट्टी दुपारी नर्सनं बदलली.

त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही.

यंदा बहिणीच्या पोरीचा कान वाहू लागला. काल तिला आरोग्य केंद्रात नेलं. तेच. "डॉक्टर नाही. थेंब घेऊन जा."

"थेंब नको. कान पाह्यला पाहिजे," मी म्हटलं. पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसले, ती केंद्राला कुलूप लागेपर्यंत.

उद्या परत जाणार. तिथं कोणी पाहिलं नाही तर तालुक्याला. तिथं नाही तर पुढं. या पोरीचा कान चिरून आत काय सडलंय ते शिकाऊ पोरांना दाखवायची वेळ मी कोणावर येऊ देणार नाही.