पोटाला नळी: हो की नाही?

नळीचे किस्से मी कधी गोळा केले नाहीत, ते आपोआप साचले. कापसाचा भाव पडलेला आणि सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या खर्ऱ्याची विक्री मात्र जोरात, त्या वर्षांत मी यवतमाळात नाक-कान-घशाच्या ओपीडीत सिस्टर होते. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे पेशंट आम्ही लाईटला, म्हणजे रेडिएशनला, नागपूरला पाठवायचो. लाईट सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत तोंड आतून सोलवटतं, पाणीसुद्धा गिळवत नाही. म्हणून ज्याचं वजन आधीच उतरलंय, त्याला नागपूरला पाठवायच्या आधीच पोटाला जेवणाची नळी बसवायची का, हे ठरवावं लागे. डॉक्टर ठरवत असतील असं तुम्हाला वाटेल. छे! अख्खं खानदान ठरवायचं.

*

कळंबचे वासुदेवराव घशाचा कॅन्सर घेऊन आले, सोबत बायको शांताबाई. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "मध्येच जेवण बंद पडलं तर लाईट थांबवावी लागेल. थांबवली तर हा आजार हात धुवून मागे लागेल. नळी बसवून घ्या."

वासुदेवराव बायकोकडे पाहत बसले.

शांताबाई म्हणाल्या, "नाई बसवाची!"

"काहून?" मी विचारलं.

"लगन झालं तवापासून 'मीठ कमी हाय' म्हनल्याशिवाय यायचा घास उतरत नाई. नळीतून गेल्यावर काय म्हनन हे? मंग मी रांधू कायले?"

"कमीच असते," वासुदेवराव पुटपुटले.

मला असा राग आला! माणूस हातचा चालला आणि या बाईला मिठाचं पडलंय. डॉक्टरांनी त्यांना आठ दिवसांनी बोलावलं.

*

आर्णीचे रफीकभाई गॅरेजवाले. डॉक्टर अर्धा तास कागदावर पोट काढून समजावत होते. रफीकभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "कंपनी का माल है, या लोकल?"

"कंपनीचा."

"तो लगा दो साहब. गाडी बंद पडने के बाद धक्का कौन मारेगा!"

*

राळेगावच्या सुमनबाई रोजानं कापूस वेचणाऱ्या. नळी कुठे येणार ते डॉक्टरांनी पोटावर बोट ठेवून दाखवलं. बाईंनी ते बोट धरलं आणि वर सरकवलं.

"इथं बसवा न साहेब. तिथं माह्या ओटीची गाठ येते."

ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतात ती झोळी. डॉक्टर चिडले, "अहो, लाईट चालू असताना कापूस वेचायला जायचं नाही!"

"मी कुठं म्हनलं जातो म्हनून? पन बोंड फुटलं त मले कोन थांबवन?"

डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासलं, जमतंय असं पाहिलं आणि नळी दोन बोटं वर बसवली.

*

एका ऑटोवाल्याला मी सांगत होते, नळीतून दूध, पेज, वरण, पातळ केलेलं सगळं जातं.

"सगळं?"

"सगळं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मंग खर्रा बारीक घोटला त?"

डॉक्टर उठून बाहेर गेले. मी त्याच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून घेतली.

"सिस्टर," तो अजिजीनं म्हणाला, "दुसऱ्या खिशातली राहू द्या!"

*

आठ दिवसांनी वासुदेवराव आले ते आणखी वाळून. शांताबाईंचं 'नाई' कायम. बाकावर रफीकभाई ड्रेसिंगसाठी बसले होते. त्यांनी शर्ट वर करून नळी दाखवली.

"देखो भाभी. अभी तो मैं मुँह से ही खाता हूँ. ये स्टेपनी है!"

शांताबाईंनी नळी निरखून पाहिली. "यानं पोट भरते?"

"पेट को क्या मालूम, किधर से आया!"

"पोटाले नसन मालूम. रांधनारीले असते न."

तेव्हा वासुदेवराव पहिल्यांदा नीट बोलले. "बसवून घेऊ वं शांते. तुह्या सैपाकाले नावं ठेवाले जगायचं हाय मले."

शांताबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. माझा आठ दिवसांचा राग तिथेच विरघळला. दुसऱ्या दिवशी नळी बसली.

*

वासुदेवराव नागपूरहून परतले ते एकही लाईट न चुकवता. गळा काळवंडलेला, तोंडभर फोड, बोलणं बंद. जेवण सगळं नळीतून. ड्रेसिंग झालं तशी शांताबाईंनी पिशवीतून डबा काढला. घरचा वरण-भात, मिक्सरमधून काढून गाळलेला. मी सिरिंज हातात दिली. त्या सावकाश ओतत गेल्या.

डबा संपला. शांताबाई रोजच्या सवयीनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत थांबल्या.

वासुदेवरावांनी डोळे मिटले. पोटावरून हात फिरवला. मग तोच हात वर करून अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली, भाजीत चिमूट सोडतात तशी.

शांताबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"खोटं बोलून राह्यले सिस्टर! आज त मी मुद्दाम जास्त टाकलं होतं!"