दोन बोटं आटलेली बाही

उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं आखूड झाली होती आणि पाहुण्यांची मोटार यायला जेमतेम तास उरला होता. मला दुकानातून घरी बोलावून घेऊन बाबूराव जॉबर कोट हातात धरून समोर उभे होते. जॉबर म्हणजे मिलच्या खात्यातला मुकादम. खात्यात त्यांचा आवाज मागाच्या खडखडाटावर चढायचा. त्या दुपारी तो फुटेना.

"मास्तर, कायबी करा. बाही खाली आली पायजे."

"पाणी लावलं का हिला?"

 बाबूरावांची बायको, दत्तूची आई, पुढे आली. "त्येलाचा डाग पडला व्हता की. म्या ऊन पाण्यानं धुतला."

"आणि वाळवला कसा?"

"तांब्यात निखारे घालून वरनं फिरवला. टाइम कुटं व्हता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. गोष्ट पस्तीस सालाच्या आसपासची. माझं शिंप्याचं दुकान नव्या पेठेत होतं, आणि दत्तूचा हा पांढऱ्या जीनचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, बंद गळ्याचा कोट मी चार दिवसांपूर्वीच हातावेगळा केला होता. दत्तू बाबूरावांचा एकुलता एक मुलगा, मिलच्या ऑफिसात कारकून. टेंभुर्णीची मुलगी सांगून आली होती. त्या संध्याकाळी मुलीकडचे येऊन सुपारी फोडणार होते, दत्तूला टिळा लावून ओंजळीत नारळ देणार होते. एकदा नारळ घेतला की सोयरीक पक्की.

आता बाहीचं काय ते सांगतो. कोट शिवायला टाकायला बापलेक दुकानात आले, तेव्हा बाबूरावांनी आधी दार लोटून घेतलं. म्हणाले, "बाही अंगठ्याच्या पेरापातूर घ्या." बाही मनगटाच्या हाडापर्यंत असते, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी कारण विचारलं. दत्तूने न बोलता सदऱ्याची बाही वर केली. उजव्या मनगटावर कवडीएवढा पांढरा डाग होता. कोड. कोड म्हणजे कातडीचा रंग जातो, एवढंच. ते दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही. पण त्या काळी कोड म्हटलं की सोयरीक मोडायची, आणि धाकट्या भावंडांच्याही लग्नात आडवं यायचं.

"मुलीकडच्यांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"तुमी कापड कापा, मास्तर," बाबूराव म्हणाले.

मी कापड कापलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात चेव चढला. लांब बाही लांब दिसू नये, हे सोपं काम नाही. खांद्याचा घेर थोडा सैल धरला, कोपरात वाक दिला, मोहरी, म्हणजे बाहीचं तोंड, हाताच्या पाठीवर बेताची गोलवली. हात वाकवला तरी बाही वर सरकत नव्हती. ट्रायलच्या दिवशी दत्तू आरशासमोर किती तरी वेळ उभा राहिला. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी चांगली बाही शिवलेली नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. कोरं मिलचं कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावं लागतं. त्यातली खळ निघते, जेवढं आटायचं तेवढं आटून जातं. मग शिवलेला कपडा कितीही धुवा, मापात राहतो. मी भिजवतो म्हटलं तर बाबूराव उसळले. "सुपारीला घालायचं कापड कोरंच पायजे. पानी लागलं की जुनं झालं." गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? शिवाय पांढरी जीन कोरी असताना जी ताठ बसते, ती धुतल्यावर तशी बसत नाही. खरं सांगायचं तर मलाही तो ताठपणाच हवा होता.

तेलाचा डाग कसा पडला, तेही ऐका. आईने लेकाच्या डोक्याला वासाचं तेल चोपडलं, भांग पाडून दिला, कोट घालून दिला. मग त्याच हाताने उजवी बाही धरून खाली ओढली, डाग झाकला जावा म्हणून. तेलाची चार बोटं पांढऱ्या बाहीवर उठली. आईचाच हात तो, तिला काय बोलणार?

मी बाहीची दुमड उसवली. आत माया, म्हणजे दाबून ठेवलेलं जादा कापड, अर्धं बोटच होतं. बाकीचं सगळं मी लांबी वाढवण्यात आधीच खर्च केलं होतं. मग ओला फडका ठेवून, दुकानातून मागवलेल्या कोळशाच्या इस्त्रीने बाही ओढून ओढून ताणली. आणखी अर्धं बोट मिळालं. खळ निघून गेल्यामुळे उजवी बाही डावीपुढे मऊ पडली होती, जुन्या दुमडीची रेघही दिसत होती. पण हात खाली असला की डाग झाकला जात होता.

"नारळ घेताना कोपर अंगाला चिकटवून ठेव," मी दत्तूला म्हटलं.

त्याने मान हलवली. 

मला बाबूरावांनी जाऊ दिलं नाही. मुलीचे वडील, धोंडीबानाना, साधा माणूस. त्यांनी टिळा लावला, कौतुकाने दत्तूकडे पाहिलं आणि नारळ पुढे केला. दत्तूने कोपर दाबून ओंजळ केली, पण नारळ घ्यायला हात थोडा पुढे करावाच लागला. बाही सरकली. नाना तिथेच थांबले.

"ह्ये काय हाय, पावनं?"

"भाजलंय, मिलमदी," बाबूराव घाईने म्हणाले.

नाना दत्तूकडे पाहत राहिले. दत्तू म्हणाला, "न्हाय, नाना. कोड हाय."

नानांनी त्याच्या ओंजळीतला नारळ परत उचलला आणि पिशवीत ठेवला. आवाज चढवला नाही. "आदी सांगितलं असतं, तर घरात बसून इचार केला असता. पोर लई समजूतदार हाय माजी. पर लपवाछपवीच्या घरात कशी देऊ तिला?" पाहुणे ताटावर न बसता गेले. आत दत्तूची आई रडायला लागली. बाबूराव माझ्यावर खेकसले, "तुमची बाही आटली!" मी म्हटलं, "तुम्ही कापड भिजवू दिलं नाहीत." दोघांचंही खरं होतं. दत्तूकडे बघायची मात्र आमची दोघांची छाती झाली नाही.

दोन महिन्यांनी दत्तू एकटाच दुकानात आला. सदऱ्याचं कापड घरीच भिजवून, वाळवून आणलं होतं. मी टेप लावला आणि सवयीने अंगठ्यापर्यंत नेला.

"मनगटापर्यंतच," तो म्हणाला. "आता कुणापासून झाकायचं?"

मी माप लिहून घेतलं. काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "त्या दिवशी तू खरं बोललास, ते बरं केलंस."

तो हसला नाही. "मास्तर, मी आधीच नानांना पत्र लिहिलं होतं, कोडाचं सगळं सांगून. वडिलांना न विचारता टाकणार होतो. खिशात घेऊनच ट्रायलला आलो होतो. कोट घातला, आरशात पाहिलं, काहीच दिसेना. वाटलं, आता कशाला सांगायचं? तुमच्या दुकानातून बाहेर पडलो आणि पत्र फाडलं."

मी टेप गुंडाळून ठेवला.  दत्तूचं लग्न पुढे झालंच नाही. तो सदरे शिवायला माझ्याकडेच येत राहिला.

नवीन शिंप्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. कोरं कापड भिजवल्याशिवाय कात्री लावू नका, गिऱ्हाईक काहीही म्हणो. आणि अंगठ्यापर्यंत बाही मागायला कुणी आलं, तर कापड घडी घालून परत द्या. तुम्हाला ती उत्तम शिवता येत असेल, तर सगळ्यांत आधी परत द्या.