पाळी चुकली आणि थर कोसळले

‘तुला दिवस गेलेत काय गो?’ असं मी खालून ओरडून विचारलं, तेव्हा माझी नात पाचव्या थरावर उभी होती.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. तेव्हा वीस वर्षांची. थर म्हणजे दहीहंडीचे. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत मुलींचं गोविंदा पथक आहे. रविवारी सकाळी दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गाद्या घालून त्यांचा सराव चालतो. त्या वर्षी सगळ्यात वर माझी नात होती. डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी. ती दोरी वरच्या कप्पीतून खाली येते आणि पथक शिकवणारी ताई ती धरून उभी असते.

माझा प्रश्न आधी खालच्या थरातल्या मुलींना ऐकू गेला. तिथे एक चांगली धिप्पाड मुलगी आहे, तिला पहिलं हसू आलं. खालचे खांदे हलले तसे वरचे पाय हलले, आणि बघता बघता सगळे थर गादीवर पडले. कोणाला लागलं नाही. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. माझी नात मात्र पडली नाही. ती दोरीला लटकून वरच गोल गोल फिरत राहिली.

‘आजी, घरी बोलू!’ ती वरून ओरडली.

‘घरी असतेस कधी तू? आता सापडलीस, आता बोल.’

‘मला खाली घ्या गं!’

पण ताईलाच इतकं हसू येत होतं की तिला दोरी सोडवेना. नात फिरत फिरत माझ्याकडे तोंड आलं की डोळे वटारायची आणि पाठ झाली की ‘शी!’ म्हणायची. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मला लोक म्हणतात, तुम्हाला कुठे काय बोलावं कळत नाही. कळतं. पण पोटात गोष्ट राहिली की मला जेवण जात नाही, आणि मला जेवायचं होतं.

हे आलं कुठून ते सांगते. आमच्यात पाळी आली की बाहेर बसायची रीत. खोलीच एवढीशी, तिच्यात बाहेर म्हणजे कुठे बसणार? माझ्या सासूने त्याची सोय लावली होती. दाराजवळच्या खाटेवर बसायचं, देवाला आणि लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, आणि भांडी घासायची नाहीत. बायकांच्या हाताने लोणचं नासतं यावर माझा विश्वास नाही. मी लावून बघितला आहे हात, काही होत नाही. पण भांड्यांचा नियम मी मोडला नाही. तेवढीच बाईला सुट्टी.

नात कॉलेजात शिकलेली. ही रीत किती मागासलेली आहे यावर ती आम्हाला भाषण द्यायची आणि भाषण झालं की जाऊन खाटेवर बसायची. तीन दिवसांची सुट्टी ती पाच दिवस ओढायची. असली पोरगी तीन महिने एकही दिवस न चुकता रात्री भांडी घासत होती. मला वाटलं, सुधारली. त्या रविवारी सकाळी माझी सून चहा गाळता गाळता म्हणाली, ‘आई, हिने ज्येष्ठापासून सुट्टी घेतलेली नाही.’ मी हातातली बशी खाली ठेवली. मी चप्पल घातली आणि तशीच सरावाच्या जागी गेले.

त्यात आणखी एक गोष्ट होती. श्रावण लागल्यापासून नातीने उपास धरले होते. आधी सोमवार, मग शनिवार, मग मधले कुठलेही वार. मी गॅलरीभर सांगत होते की आमची पोरगी देवाला लागली. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, वर रताळं. श्रावणात आमची वजनं वाढतात. ही मात्र काळी कॉफी प्यायची आणि अर्धी काकडी खायची. मी म्हटलं, शिकलेल्या मुलींचा देव वेगळा असेल.

थर कोसळल्यावर लपवण्यासारखं काही उरलंच नाही. नातीला दोरीवरून उतरवून घरी आणली तर आमच्या दारात सगळी गॅलरी हजर.

‘तसलं काही नाहीये! मला कोणी मित्रसुद्धा नाही!’ नात ओरडली.

‘मित्र नाही तर ओरडतेस कशाला?’ मी म्हटलं.

डावीकडच्या शेजारणीने पुढे होऊन नातीचा गळा चाचपला. भोपळा कोवळा आहे का बघतात, तसा. ‘थायरॉईड असेल. माझ्या जावेची अशीच बंद झाली होती.’

‘काय थायरॉईड? हल्लीच्या सगळ्या पोरींना ते पीसीओडी असतं. गाठी होतात,’ समोरची म्हणाली.

‘टेन्शन घेतलं की पण जाते हो. माझ्या भाचीची परीक्षेत गेली ती निकाल लागल्यावर आली.’

‘पास झाली?’

‘नाही. पण आली.’

मग कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी म्हणाली, ‘गोळ्या खाल्ल्या असतील हिने. गणपतीत पुढे ढकलायला तुम्ही खाता ना, त्या.’

सगळ्यांनी एकदम पदर सावरले. गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आमच्या मजल्यावर कोण खात नाही ते विचारा. औषधाच्या दुकानात भाद्रपदाच्या आधी या बायका एकमेकींना ओळख देत नाहीत. ‘आम्ही नाही हो खात,’ असं चौघी एकदम म्हणाल्या.

त्यातच माझी सून हळूच म्हणाली, ‘माझीपण दोन महिने आलेली नाही.’

सून तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. सगळ्या तिच्याकडे वळल्या. ‘दोघी एकदम?’ समोरचीने विचारलं. माझा मुलगा आत पेपर वाचत बसला होता, तो पेपर त्याने तोंडासमोर धरला तो संध्याकाळपर्यंत खाली घेतला नाही. जेवायलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी करी रोडच्या बाई डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण म्हणाली, आजींनी बाहेर बसावं. नात म्हणाली, ‘बसू दे आतच. बाहेर बसवलीत तर तिथून ओरडून विचारेल.’

‘आधी दिवस गेलेत का ते बघा, बाकीचं मागाहून,’ मी सांगितलं.

डॉक्टरणीने बघितलं. नव्हते.

‘नीट बघा.’

‘आजी, नीटच बघितलंय.’

सुनेने आपलंही सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, या वयात पाळी अशी मागेपुढे होत होत जाते, पण तपासल्याशिवाय धरून चालायचं नाही. तिचीही तपासणी केली. निकाल येईपर्यंत सुनेचा चेहरा बघण्यासारखा होता. तिच्यातही काही नव्हतं. तिने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

मग डॉक्टरीण नातीकडे वळली. काय खातेस, किती धावतेस, झोपतेस किती, वजन किती उतरलं, काही गोळ्या घेतेस का. एकेक विचारत गेली तशी एकेक गोष्ट बाहेर आली. नातीला गेल्या वर्षी चौथ्या थरावर ठेवलं होतं. वरच्या थरावर जायचं तर हलकं व्हायला हवं, म्हणून उन्हाळ्यापासून तिने जेवण तोडलं होतं. सकाळी धावणं, संध्याकाळी जिम, रात्री भाकरी माझ्या पाठीमागे मांजराला. ते मांजर दारातून आत मावेना झालं होतं, तरी आमच्या कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उपास देवाचे नव्हतेच. ते थराचे होते.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं. पाळी थांबायला पुष्कळ कारणं असतात. थायरॉईड असतं, गाठींचा त्रास असतो, काळजी असते, गोळ्या असतात. कोणाचं काय ते तपासूनच कळतं. ‘पण अन्न कमी आणि दमणं जास्त झालं की शरीर म्हणतं, आधी जगायचं बघू, पाळीचं नंतर बघू,’ ती म्हणाली. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. रक्त कमी निघालं, बाकी सगळं नीट. म्हणजे शेजारणींनी सांगितलेल्यातलं एकही नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं.

‘असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील. पोटभर जेवायचं, धावणं बंद, वजन वाढवायचं,’ डॉक्टरीण म्हणाली.

‘हंडी झाल्यावर वाढवलं तर?’ नातीने विचारलं.

‘चक्कर येते का?’

नातीने आधी आपल्या आईकडे बघितलं. मग म्हणाली, ‘एकदाच आली होती. वर असताना. दोरी होती.’

सून उठून उभी राहिली. मीही काही बोलले नाही, म्हणजे बघा. हंडी तोंडावर आली होती. वजन वाढलं की वरचा थर जाणार, आणि त्याच थरासाठी पोरीने सगळं केलं होतं. तिथेच ती रडायला लागली. दोरीला लटकलेली सगळ्या चाळीने बघितली तेव्हा रडली नव्हती.

घरी येताना मी तिला संपाचं सांगितलं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा माझीही पाळी काही महिने गेली होती. नवऱ्याचा पगार नाही, घरात जे असेल ते आधी पोरांच्या आणि पुरुषांच्या ताटात. सासूला वाटलं मला दिवस गेले. तिने देवासमोर नारळ ठेवला. पुढे काहीच होईना, तेव्हा तो नारळ फोडून आम्ही खाल्ला आणि त्या दिवशी सगळे पोटभर जेवलो. मजल्यावर आणखी बायकांचं तसंच होतं. आम्ही म्हणायचो, अंगात उष्णता झाली. भूक झाली असं कोणी म्हटलं नाही.

‘आजी, तुमचं वेगळं होतं.’

‘आम्हाला मिळत नव्हतं म्हणून खाल्लं नाही. तू फ्रीज भरलेला असताना उपाशी. वेगळं आहेच. तू जास्त मूर्ख आहेस.’

ताईला सांगायला ती तयार नव्हती. उद्या सांगते, परवा सांगते चाललं. मी म्हटलं, ‘बरं. पुढच्या रविवारी मी येते आणि खालून सांगते.’ त्याच संध्याकाळी जाऊन सांगून आली. ताईने आधी तिला शिव्या घातल्या, मग जवळ घेतलं, मग तिसऱ्या थरावर टाकलं. वर दुसरी मुलगी गेली. ती उपजतच काडी आहे, दोन वडापाव खाऊन तिसरा मागते आणि अंगाला काही लागत नाही. नात तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

डॉक्टरणीने अंडी सांगितली होती आणि घरात श्रावण. सून देवाकडे बघत म्हणाली, ‘आई, कसं करायचं?’ मी तवा ठेवला आणि अंडं फोडलं. समोरची वासावर आली. ‘अगो बाई, श्रावणात!’

‘देवाला सांगितलंय. त्याचीच हंडी आहे, त्याचीच पोरगी वर चढते. तुला काय त्रास आहे?’

तिला त्रास नव्हता. तिने अर्धं अंडं खाल्लं आणि कोणाला सांगू नका म्हणाली.

नात रागाने जेवत होती. ताट आपटून, घास मोजून, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, रागाने खा, रडून खा, खाल्लंस म्हणजे झालं. हंडीच्या दिवशी परळला गर्दीत आम्ही सासू-सुना उभ्या राहिलो. पथकाने पाच थर लावून सलामी दिली. वरच्या काडीने हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नात तिसऱ्या थरावर, खांद्यावर एक मुलगी घेऊन, तोंड आत आणि पाठ आमच्याकडे करून. आम्हाला तिची फक्त पाठ दिसली, आणि ती हलली नाही.

घरी आल्यावर म्हणाली, ‘तिसऱ्या थरावरून काहीच दिसत नाही गं आजी. समोरच्या मुलीचा खांदा तेवढा दिसतो.’

‘मग पुढच्या वर्षी नको जाऊस.’

‘जाणार. तिसऱ्यावरच. तिथे जीव लावून उभं राहावं लागतं, वर नुसतं हसायचं असतं.’ हे ती मनापासून म्हणाली की नाही ते मला अजून माहीत नाही. डोळे लाल होते.

पाळी आली ती नेमकी गौरी जेवायच्या दिवशी. सगळ्या मजल्याने गोळ्या खाऊन आपापली पुढे ढकललेली, आणि आमचीची एवढ्या महिन्यांनी त्याच दिवशी हजर. सुनेने गॅलरीत जाऊन सांगितलं. समोरचीने घाईघाईने शिरा केला. माझ्या मुलाने पुन्हा पेपर घेतला, पण या वेळी तो उलटा धरला होता. नात म्हणाली, ‘तुम्ही लोक वेडे आहात,’ आणि शिरा दोनदा घेतला.

नात आता एकवीस वर्षांची आहे आणि तिची दर महिन्याला येते. सुनेची गेली ती गेलीच. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. आम्ही तिघी अजून त्याच खोलीत राहतो, आणि पेपरामागे माझा मुलगा.