किल्लीही त्याच्याकडे, शिट्टीही त्याच्याकडे

माणसाला समोरून कुणीही ओळखतो. शिट्टीवाला पाठमोरं ओळखायचा, आणि या कलेचा त्याला भारी अभिमान होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने एका थिएटरात काढली होती. दारावर तिकिटं फाडायची आणि सिनेमा सुरू झाला की बॅटरी घेऊन शेवटच्या रांगेमागे उभं राहायचं. पडद्यावर काय चाललंय ते बघायला त्याला फुरसत नसे. कोण कुणाच्या खांद्यावर डोकं टेकतंय, कुणी पुढच्या खुर्चीवर पाय टाकलेत, हे बघायचा त्याला पगार होता. पुढे थिएटर बंद पडलं, पण डोळ्यांची सवय राहिली. मानेची बैठक आणि खांद्यांचा उतार एवढ्या भांडवलावर तो अर्ध्या गावाची ओळख सांगायचा. उलट तोच माणूस समोरून आला की हा गोंधळायचा, त्याला पुढे जाऊ द्यायचा आणि मग मागून म्हणायचा, "अरे, हे तर आपले कंपाउंडर!"

अशा गुणी माणसाची कदर अखेर नगरपालिकेने केली. चौकात नवं सार्वजनिक शौचालय उभं राहिलं आणि तिथे राखणदार म्हणून त्याला घेतलं.

शौचालय कसलं, बघत राहावं अशी वास्तू होती. पांढऱ्याशुभ्र फरशा, आत आरसा, दाराशी झाडांच्या कुंड्या आणि उद्घाटनाची भलीमोठी संगमरवरी पाटी. पाटी आणि कुंड्या नीट बसवल्यावर जी जागा उरली, तीत दोन खोल्या निघाल्या: एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, पाहुण्यांची गाडी वळली, आणि एक हमाल आत जाऊन आला. ज्या कामासाठी इमारत बांधली होती, नेमकं ते काम त्याने तिथे केलं. सफाई खात्याच्या मुकादमाला ते बघवलं नाही.

"फरशी ओली केली त्याने!" मुकादम ओरडला. "अहो, स्वच्छ प्रभागाची स्पर्धा आहे. कमिटी कधीही तपासायला येईल. तिला हे असं दाखवायचं?"

त्याच दिवशी दोन्ही दारांना कुलपं लागली. कमिटी येऊन जाईपर्यंत शौचालय कुणी वापरायचं नाही असं ठरलं.

आता कुलूप दाराला लावता येतं, लोकांच्या पोटाला लावता येत नाही. शौचालयाला लागूनच एका जुन्या गोदामाची लांबलचक भिंत होती. हमाल, टेम्पोवाले, गाडी बदलायला उतरलेले प्रवासी, सगळे तिकडे वळायला लागले. मुकादमाने त्यावर खोल विचार केला. स्पर्धेत स्वच्छतेला गुण होते, तसे जनजागृतीलाही होते. कोरडं शौचालय पहिले गुण मिळवून देणार होतं. दुसरे मिळवायला निर्लज्ज माणसं लागणार होती, आणि तीही आता शौचालयाच्या शेजारीच आयती मिळत होती. एकाच कुलपात दोन्ही साधलं होतं.

नियम असा ठरला. कुणी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की राखणदाराने शिट्टी फुंकायची. मग हातातल्या कर्ण्यातून मुकादमाने स्वतः रचलेलं वाक्य म्हणायचं: "भिंत काय तुमच्या बापाची आहे का?" माणूस दचकून वळला की समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या मुकादमाने मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायचा, आणि मोठा करून शौचालयाच्या दर्शनी भिंतीवरच्या फलकावर चिकटवायचा. फलकाचं नाव होतं 'यांना लाज नाही'.

शौचालयाची किल्ली आणि ही शिट्टी, दोन्ही एकाच दोरीत राखणदाराच्या गळ्यात असायच्या. कुणी अजिजीने म्हणालं, "दादा, उघडता का जरा?" की तो किल्ली मुठीत धरून सांगायचा, "कमिटी येऊन जाऊ द्या." विचारणारा चार पावलं पलीकडे भिंतीशी गेला की हा शिट्टी तोंडात धरायचा. दोन्ही कामं तो मन लावून करायचा. त्यांत काही विसंगत आहे असं त्याला कधी वाटलं नाही, कारण पगार एकच होता.

आणि खरं सांगायचं तर त्याला मजा यायची. पाठीवरूनच तो ओळखायचा, की हा पोस्टातला, हा दूधवाल्याचा मेहुणा. मग शिट्टीला आणखी धार चढायची. त्याचं स्वतःचं घर मागच्याच गल्लीत होतं. वेळ आली की "आलोच" म्हणून तो जाऊन यायचा. घर जवळ असलं की माणसाला शिस्त पाळणं सोपं जातं.

चौकात एकाच व्यक्तीबद्दल मुकादम आदराने बोलायचा, ती म्हणजे भाजीवाली मावशी. "बघा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच बसते, पण आहे एक तक्रार? याला म्हणतात नागरिक!" मावशी दिवसभर पाण्याचा घोट घेत नव्हती, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या ओटीपोटात कळा यायच्या. पण त्याचा फोटो निघत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिट्टीवाल्याचे वडील शिंपी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कितीही बडं गिऱ्हाईक आलं आणि घाई करायला लागलं, तरी अण्णा मशीनवरून मान वर न करता सांगायचे, "कपडा चांगला हवा असेल तर थांबावं लागेल." हात थरथरायला लागल्यावर त्यांनी मशीन विकलं, पण कडक इस्त्रीच्या शर्टाशिवाय ते अजूनही उंबरा ओलांडत नसत. मुलाच्या डोक्यात त्यांची एकच पाठ पक्की बसलेली होती, मशीनवर बसलेली, ताठ. ती कधी वाकली ते त्याने बघितलं नव्हतं. घरातल्या माणसाकडे मागून बघायची कुणाला सवय असते?

त्या दुपारी अण्णा डोळ्यांच्या दवाखान्यातून परत येत होते. तिथली रांग मोठी, आणि त्यांना म्हातारपणाचं ते दुखणं: लागली की थांबता येत नाही, आणि उभं राहिलं की लवकर होत नाही. चौकात आल्यावर त्यांना कळून चुकलं की गल्लीपर्यंत काही निभावत नाही. मुलाला हाक मारावी असं मनात आलंही असेल, पण चारचौघांत मोठ्याने काय सांगणार?

शिट्टीवाला एका हातगाडीवाल्याशी वाद घालण्यात गुंतला होता. तो वळला तर भिंतीशी एक पाठ. वाकलेली, एका खांद्यावर कललेली, शर्ट मागून ढगळ. ओळखीची वाटेना. परगावचं गिऱ्हाईक, असा त्याने निष्कर्ष काढला आणि खुशीत शिट्टी फुंकली. मग कर्णा तोंडाला लावला.

"भिंत काय तुमच्या बापाची आहे का?"

पाठ नुसती शहारली. वळणं तिच्या हातात नव्हतं. टपरीवर लोक हसले, तसा त्याला चेव आला आणि त्याने तेच वाक्य आणखी जोरात म्हटलं. मग अण्णा वळले. पँट पुढून ओली झाली होती आणि बटणाशी झगडणारे हात थरथरत होते. मुकादमाने फोटो घेतला.

शिट्टीवाला धावत टपरीवर गेला. "साहेब, ते माझे वडील आहेत. तेवढा फोटो काढून टाका."

"काय सांगता! सख्खे?" मुकादमाचा चेहरा उजळला. "अहो, मग सोनंच झालं की! सख्ख्या बापालाही सोडलं नाही! कमिटीपुढे याहून मोठी जनजागृती कोणती?"

दुसऱ्या दिवशी फलकाच्या मधोमध अण्णा झळकले. खाली ओळ होती: 'राखणदाराचे सख्खे वडील. नियम सर्वांना सारखा.' ऑफिसात शिट्टीवाल्याचं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. त्याने मान खाली घातली, तो लोकांना विनय वाटला. फोटो फाडावा असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचा. नोकरी जाईल ही भीती होती, आणि भीतीला नियम म्हणायला तो एव्हाना शिकला होता.

घर म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर सामाईक गॅलरी. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक. तिथे जायचं तर सगळ्यांच्या दारांवरून जावं लागायचं. अण्णा निघाले की कुठल्या तरी दाराआडून पोरं शिट्टी मारायची. मोठी माणसं "गप रे" म्हणायची आणि तोंड फिरवून हसायची. अण्णांनी कुणाशी भांडण केलं नाही. त्यांनी पाणी प्यायचं सोडलं.

"अहो, कालपासून पेला जागचा हललेला नाही," शिट्टीवाल्याची बायको म्हणाली. "चहा घेतात तोसुद्धा बशीभर, माझ्या समाधानासाठी. ओठ फुटलेत त्यांचे."

"डॉक्टरांना दाखवू."

"डॉक्टर काय करणार? शिट्टी डॉक्टरांनी वाजवली होती का?"

तो अण्णांच्या उशाशी जाऊन बसला. "अण्णा, दोन घोट तरी घ्या."

"प्यायलं की जावं लागतं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. त्या दिवसापासून ते त्याच्याशी जे काही बोलले होते, ते एवढंच.

आठवडाभरात अण्णा चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी तपासलं आणि शिट्टीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील. भरपूर पाणी प्यायला हवं, रोज थोडं फिरायला हवं. "आणि लाजबीज सोडा म्हणावं त्यांना," ते म्हणाले. लाज सोडा म्हणायला डॉक्टरांचं काय जात होतं! त्यांच्या दवाखान्यात स्वच्छ संडास होता, आणि त्यावर 'फक्त स्टाफसाठी' अशी पाटी होती.

अखेर एकदाची कमिटी निघाली. त्या सकाळी मुकादमाने न वापरलेलं शौचालय पुन्हा धुवून घेतलं, कुंड्यांची पानं पुसून घेतली, आत अत्तर शिंपडलं. शिट्टीवाल्याने शेवटचं विचारून बघितलं, "साहेब, आजच्या दिवस तरी तो फोटो..."

"आज? वेड लागलंय का? आज त्या फोटोवर तर आपला नंबर येणार!" असं म्हणून मुकादम हारवाल्याकडे पळाला.

शिट्टीवाला घरी गेला. अण्णा खाटेवर बसले होते. त्याने पेला भरला आणि त्यांच्या पुढ्यात खाली बसला.

"हे प्या आणि माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"चौकात."

"फोटो बघायला?"

"आत जायला. मी उघडतो." त्याने गळ्यातली किल्ली पुढे धरली. "मी तुम्हाला ओळखलं नाही, एवढंच माझं चुकलं असं मी धरून चाललो होतो. अण्णा, दुसरा कुणी असता तरी वाजवायला नको होती."

अण्णांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी पेला रिकामा केला आणि सुनेकडे इस्त्रीचा शर्ट मागितला.

मुलाचा हात धरून ते चौकात आले. फलकासमोरून जाताना त्यांनी तिकडे बघितलं नाही. कुलूप निघालं, अण्णा आत गेले आणि आतून कडी लागली. मावशीने ते बघितलं मात्र, टोपली तशीच टाकून ती उठली. तिने विचारलंसुद्धा नाही. शिट्टीवाल्याने आपण होऊन दुसरं दार उघडलं. बघता बघता रांग लागली. एक हमाल, एक टेम्पोवाला, एक प्रवासी, आणि कुणाचाच आपल्या नशिबावर विश्वास बसत नव्हता.

कमिटी ठरल्या वेळेआधी आली. गाडीच्या पुढे मुकादम हार सांभाळत धावत होता.

"कुलूप कुणी काढलं? आत कोण आहे?"

"माझे वडील."

"बाहेर काढा त्यांना! नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

"सोडलं," शिट्टीवाला म्हणाला.

गाडीतून कमिटीचे साहेब उतरले. फरशा, कुंड्या, फलक यांचं त्यांना कौतुक नव्हतं असं नाही, पण लांबच्या प्रवासानंतर माणसाला आधी दुसरंच काही हवं असतं. ते मुकादमाच्या कानाला लागले. मुकादमाने हार बगलेत मारला आणि दारावर धडाधडा थापा मारल्या. "ओ आजोबा, आटपा! साहेब थांबलेत बाहेर!"

शिट्टीवाल्याचा जीव टांगणीला लागला. आता अण्णा पुन्हा अर्ध्यातून निघणार, पुन्हा तसेच ओले, थरथरत, मान खाली घालून बाहेर येणार आणि घरी जाऊन पुन्हा पेला पालथा घालणार, हे त्याला दिसत होतं. मुकादमाने आणखी थापा मारल्या.

"थांबू देत!" आतून आवाज आला. मशीनवरून मान वर न करता बड्या गिऱ्हाइकांना ऐकवायचा तो आवाज, साऱ्या चौकाला ऐकू जाईल एवढा. "मला वेळ लागतो! वय झालंय माझं. साहेबांना फारच घाई असेल तर शेजारी भिंत आहे. फोटोही चांगला येतो तिथे!"

पहिली हसली ती बायकांच्या खोलीतून मावशी, आणि मग रांग हसली. शिट्टीवाल्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. साहेबांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा फलकाकडे, आणि मुकाट्याने ते त्या प्रवाशाच्या मागे जाऊन रांगेत उभे राहिले. आत अण्णांनी त्यांना लागायचा तेवढा वेळ घेतला.