न दिसणारी अँटेना

आपण कोणाला दिसू नये आणि सगळ्यांना ऐकू यावं, असं एकाच वेळी वाटणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे घरमालक काका. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सोलापुरात खोली घेताना घरमालक कसे असतात याची मला काही कल्पना नव्हती. काकांना भेटल्यावर वाटलं, सगळेच असे असावेत, संध्याकाळी भाडेकरूला गच्चीवर बोलावून आज हवा आवाज जायला कशी आहे ते समजावून सांगणारे. काका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता आणि आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालणारा रेडिओ बसवला होता. या रेडिओवरून कुणाशीही बोलता येतं, असं ते म्हणत. प्रत्यक्षात ते मंगळवेढ्याच्या एका निवृत्त मास्तरांशीच बोलत. दोघं कधी भेटलेले नव्हते. मंगळवेढ्याला जायला एसटी आहे, स्वतःची गाडी आहे, तरी नाहीत. "भेटलो तर मग रेडिओवर बोलायचं काय?" असं काका मला विचारत. मास्तरांच्या घरची भाषा कानडी. सुरुवातीला ते "ऊट आतेन्री?" म्हणून जेवण झालं का ते विचारत आणि मग मराठीत कोणती भाजी होती तिथपर्यंत येत. दर रविवारी काका काकूंना शेजारी बसवून मंगळवेढा रस्त्याला चढ लागतो तिथवर जात, गाडी उभी करत आणि मास्तरांना हाक घालत. काकू शेंगा सोलत बसत आणि मधेच "त्यांच्या गुडघ्याचं विचारा की" एवढंच म्हणत. ते काकूंचं फिरणं.

काकूंचे भाऊ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यामुळे त्या घरात फ्रिजवर, मिक्सरवर, माझ्या अभ्यासाच्या खुर्चीवर आणि गाडीच्या दोन्ही सीटांवर पांढरेशुभ्र टॉवेल असत. गाडीतले तर काकूंनी टाचण्या लावून असे ताणून बसवलेले की त्यावर बसताना मला गुन्हा केल्यासारखं वाटायचं. आणि गाडीच्या टपावर मधोमध लोहचुंबकाच्या बैठकीवर हात-दीड हात उंच अँटेना उभी असे.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकू मला सुट्टीला गावी सोडायला निघाले. माझं गाव सांगोल्याकडचं, मेंढरांचं. गावाच्या अलीकडे एक वस्ती लागते, तिथं काकांनी पाणी प्यायला गाडी थांबवली, आणि बघता बघता हंडे, घागरी, प्लास्टिकच्या कॅनसकट बायका गाडीभोवती जमल्या. "सायेब आलं, टँकरचं सायेब आलं." काका नाही नाही म्हणत होते, पण तेवढ्यात कुणीतरी पुरावा म्हणून रिकामा हंडा खिडकीतून काकूंच्या मांडीवर ठेवला. मला गावी सोडून दोघं परतले. काकांनी सुट्टीनंतर मला सांगितलं, घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "साहेबांच्या गाडीवर असतं तसलं ते शिंग आहे तोवर मी गाडीत बसणार नाही. लोकांना आशा दाखवून पळून यायचं मला जमणार नाही."

आणि त्या खरंच बसल्या नाहीत. भावाकडे जायचं झालं तर रिक्षानं जात. काका रिक्षाच्या मागोमाग रिकामी गाडी घेऊन जात, आणि सिग्नलला रिक्षा थांबली की शेजारी गाडी आणून विचारत, "ऊन लागतंय का?" काकू रिक्षावाल्याला सांगत, "तुम्ही चला हो."

तेव्हापासून न दिसणाऱ्या अँटेनेचा शोध सुरू झाला. काकांनी आधी बोटभर लांबीची रबरी अँटेना आणली. ती दिसत नव्हती हे खरं, पण तिच्यातून आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपलीकडे जात नव्हता. शिवाय जवळच्या कुंभारी गावात गाडी उभी असताना एका शेळीला मात्र ती दिसली, आणि तिनं ती अर्धी खाल्ली. मग काचेला आतून चिकटवायची आली. तिच्यातून मास्तर असे ऐकू येत, जणू ते पापड खात रडतायत. मग बंपरखाली लपवायची आली. ती पहिल्याच गतिरोधकाला रस्त्यावर राहिली. प्रत्येक वेळी काका मला गल्लीच्या टोकाला पाठवत, तिथून अनोळखी माणसासारखा चालत यायला लावत आणि विचारत, "काय दिसलं?" मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणायचो, "अँटेना." काका हिरमुसत. "तू शोधायला म्हणून बघतोस. जरा सहज बघ की." मी सहज बघायचा मनापासून प्रयत्न केला, पण सहज बघायचं ठरवलं की अँटेनेशिवाय दुसरं काही दिसतच नसे. माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाल्यावर ते पानपट्टीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, शाळेतून येणाऱ्या पोरींना थांबवून विचारू लागले, "गाडीवर काही दिसतंय का बघा बरं." आठवडाभरात काकांची न दिसणारी अँटेना बघायला शेजारच्या गल्लीतूनही लोक यायला लागले. समोरच्या आजोबांनी आपल्या पाहुण्यांना आणून दाखवली. पाहुणे म्हणाले, "छान आहे."

शेवटी एक सापडली. गाडीच्या मूळच्या गाण्याच्या रेडिओची असते तशीच आखूड, तिरकी, काळी काडी, त्याच जागी बसणारी. गाडीतली गाणी बंद झाली, पण काकूंनी गाडीला एक पूर्ण फेरी घातली, टपावरून हात फिरवला आणि "बरं," म्हणाल्या. काकांचा चेहरा मी विसरणार नाही. दिवाळीच्या सुट्टीला मला सोडायला दोघं पुन्हा निघाले. काकूंनी टॉवेल धुऊन, नीळ घालून, नव्या टाचण्या लावून बसवले होते.

यंदा तिकडं पाऊस झालाच नव्हता. त्या वस्तीपाशी काकांनी मुद्दाम गाडी हळू केली. परीक्षाच ती. आणि घरांतून हंडे बाहेर आले.

काकांनी गाडी थांबवली. एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. काकांनी तिला अगदी पडलेल्या आवाजात विचारलं, "मावशी, अँटेना दिसली का तुम्हाला?"

"कसली अँटेना?"

"मग गाडी साहेबाची आहे, हे कशावरून?"

"सीटवर पांढरा टावेल हाय की," म्हातारी म्हणाली. "सायबाच्याच गाडीत असतोय. मागल्या टायमाला बी त्योच बघून आलो हुतो."

"आणि वर ती काठी होती, ती?"

"काठी हुती व्हय? आमी न्हाय बगितली."

मी काकूंकडे बघायचं टाळलं. मग काकूंनी पुढे वाकून एकेक टाचणी काढायला सुरुवात केली.

म्हातारी अजून खिडकीशीच होती. "सायेब न्हाईसा, मग कोन म्हनायचं तुमी?"

"मी रेडिओवर बोलतो."

"कुनासंगं?"

"मंगळवेढ्याच्या मास्तरांशी."

"मग त्यास्नी सांगा की, पानी न्हाय म्हनून."

मास्तरांच्या हातात काय असणार, हे काका तिला सांगू शकले असते. त्यांनी रेडिओ लावला. काळ्या काडीतून नुसती खरखर आली. काका पुन्हा पुन्हा हाक घालत राहिले आणि बायका हंडे कमरेवर घेऊन थांबल्या. काकू शेवटची टाचणी काढत म्हणाल्या, "ती मोठी डिकीत आहे ना, स्टेपनीखाली. लावा तीच."

"तुला कसं कळलं?"

"टॉवेलात गुंडाळलीय तुम्ही. माझा एक कमी झाला."

काकांनी मोठी अँटेना टपावर उभी केली, वायर खिडकीतून आत घेतली आणि हाक घातली. खरखर थांबली. "ऊट आतेन्री?" मास्तरांचा आवाज इतका स्वच्छ आला की एक पोरगी दचकून मागं सरली. काकांनी जेवणाचं काही सांगितलं नाही. वस्तीचं नाव सांगितलं, टँकर फिरकला नाही हे सांगितलं. मग मास्तर म्हणाले, "माझ्या हातात काही नाही हो. पण ऐकू येतंय. अगदी स्पष्ट येतंय. पुन्हा सांगा, सावकाश, वस्तीचं नाव नीट येऊ द्या." काकांनी पुन्हा सांगितलं.

"समदं ऐकलं व्हय त्यांनी?" म्हातारीनं विचारलं.

"ऐकलं."

"मग बरं झालं," ती म्हणाली. बायका रिकामे हंडे घेऊन परत फिरल्या.

आता काकूंचं रविवारचं फिरणं पुन्हा सुरू झालंय. टॉवेल त्या घडी करून मांडीवर घेतात, सीट तापली तरी पसरत नाहीत. अँटेना टपावर उभी असते आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मी मात्र एसटीनं गावी जाताना त्या वस्तीपाशी खिडकीला तोंड लावून बसतो. गाडी थांबली की ती म्हातारी कधीकधी जवळ येते. टँकरचं ती विचारत नाही, मी कोणी साहेब नाही हे तिला माहीत आहे. तिचा प्रश्न एकच असतो.

"मास्तर बरं हायती न्हवं?"

मी म्हणतो, बरे आहेत. गुडघा तेवढा दुखतोय.